बारा खळगे, बारा मूड!

सोमवार सकाळ. गजर तीनदा स्नूझ झालाय, कॅब खाली येऊन उभी आहे आणि पोटात फक्त चहा-बिस्कीट. अकरा वाजता ऑफिसच्या मशीनची कॉफी आणि मग एकदम दीडला जेवण. ओळखीचं वाटतंय ना? नोकरीसाठी घर सोडून फ्लॅट शेअर करणाऱ्यांचा ब्रेकफास्ट बहुतेक वेळा असाच उडतो. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं : ‘वेळ नाही यार!’ पण खरं सांगायचं तर वेळेइतकीच भीतीही असते. एकट्यासाठी एवढा घाट कोण घालणार? आणि फसलं तर? पोह्यांचा गोळा झाला की नाश्ताही गेला आणि मूडही.

यावरचा सॉलिड उपाय बऱ्याच मराठी घरांत माळ्यावर पडून असतो. आप्पेपात्र! सात किंवा बारा खळग्यांचं, लहानशा तव्याएवढं. याची खरी गंमत म्हणजे फसला तर एक आप्पा फसतो, अख्खा नाश्ता नाही. शिकाऊ कुकसाठी याहून सेफ भांडं नाही.

बेसिक फंडा सोपा आहे. एक वाटी बारीक रवा, अर्धी वाटी दही, मीठ आणि इडलीच्या पिठाइतकं सरसरीत होईल एवढं पाणी. पंधरा मिनिटं झाकून ठेवा आणि अंघोळ उरकून घ्या. मग कांदा, मिरची, कोथिंबीर घाला. पाव चमचा खायचा सोडा मात्र अगदी शेवटी, कारण दह्याच्या आंबटपणाशी गाठ पडली की तो लगेच फसफसतो. आप्पे हलके होतात ते या बुडबुड्यांमुळेच. प्रत्येक खळग्यात दोन-तीन थेंब तेल, पाऊण खळगा पीठ, वर झाकण, मंद आच. तीन-चार मिनिटांनी कडा सुटल्या की काडीनं उलटा आणि आणखी दोन मिनिटं थांबा. गोल खळग्यामुळे पिठाला खालून आणि बाजूंनी तापलेला धातू लागतो, झाकणातली वाफ आतून शिजवते. म्हणून बाहेर खरपूस, आत मऊ!

आता खरी धमाल. प्रत्येक खळगा वेगळा, त्यामुळे एकाच घाण्यात सगळ्यांचे नखरे पुरवता येतात. रूममेटला कांदा नको? दोन खळगे त्याचे. तुम्हाला चीज हवंय? पिठाच्या मधोमध छोटा तुकडा दाबा. थोडे व्हेरिएशन्स :

अंडा आप्पे : दोन अंडी फेटून त्यात कांदा, टोमॅटो, मिरपूड. सहा-सात खळगे आरामात होतात. पावात घाला आणि पळा.

साबुदाणा वडा, नो तळण : रात्री भिजवलेला साबुदाणा, उकडलेला बटाटा, दाण्याचं कूट. छोटे गोळे करून थोड्या तेलावर खरपूस भाजा.

चॉको-केळं : कणीक, कुस्करलेलं केळं, गूळ, थोडं दूध, चिमूटभर सोडा आणि पोटात चॉकलेटचा तुकडा. गूळ लवकर करपतो, म्हणून आच अगदी मंद.

आप्पे ‘आऊटडेटेड’ वाटत असतील तर जरा जगाकडे बघा. तमिळनाडूत कुळी पनियारम, कर्नाटकात पड्डू, आंध्रात गुंत पोंगनालू. जपानमधल्या ओसाकाची शान असलेले ताकोयाकी अशाच खळग्यांत ऑक्टोपसचा तुकडा घालून बनतात. डेन्मार्कमध्ये नाताळच्या दिवसांत एब्लस्किवर करतात, तेही अशाच पात्रात. म्हणजे आपली आजी फुल टू ग्लोबल होती!

नवं घेताय? फ्लॅटवर इंडक्शन असेल तर दुकानात जाताना फ्रीजवरचं मॅग्नेट सोबत न्या. ते बुडाला घट्ट चिकटलं तरच पात्र इंडक्शनवर चालेल. नॉनस्टिक असेल तर मोठ्या आचेवर रिकामं तापवू नका आणि स्टीलचा चमचा लावू नका. आईचं बिडाचं पात्र मिळालं तर लकी आहात. धुतल्यावर कोरडं पुसून तेलाचा हात फिरवा, म्हणजे गंजणार नाही आणि वर्षानुवर्षं साथ देईल.

आणि रोज करायलाच हवं असं टेन्शन नको. रविवारी इडलीचं पीठ आणून फ्रीजमध्ये ठेवा. आठवड्यातून दोन सकाळी जरी घरचं गरम खाऊन निघालात, तरी अकराच्या मीटिंगमध्ये पोटातले कावळे गप्प बसतील. डबाही रिकामा न्यायचा नाही हं. उरलेले चार आप्पे आणि चटणीची छोटी डबी टाका. शेजारच्या डेस्कवरच्यांशी मैत्री व्हायला तेवढं पुरतं.

मग, या वीकएण्डला माळ्यावर चढताय ना?