सोंगटीचें लक्षण

चैत्र सरला कीं आमच्या सोलापुरांतील दुपार घराबाहेर काढण्याजोगी राहत नाहीं. शुक्रवार पेठेंतील घरांच्या खिडक्या अकराच्या सुमारास मिटतात आणि सुट्टी लागलेल्या मुलांचें करावें काय, हा प्रश्न घरांतील वडील माणसांच्या पदरीं येतो. मग सारीपाट, सापशिडी, बुद्धिबळें माळ्यावरून खालीं उतरतात. पट बहुधा धड असतो. सोंगट्या मात्र निम्म्या हरवलेल्या. हल्लीं पुष्कळ घरीं संगणक आणि छपाईचें यंत्र असल्यामुळें सोंगट्या कागदावर छापून, पुठ्ठ्यावर डकवून कातरणें हें काम दहा वर्षांच्या मुलासहि साधतें. या क्षुल्लक दिसणाऱ्या कारागिरीविषयीं या महिन्यांत वाचकांशीं चार शब्द बोलावे असें आम्हीं योजिलें आहे.

सारीपाटाच्या सोळा सोंगट्या चार रंगांच्या: लाल, हिरव्या, पिवळ्या व काळ्या. घाट सर्वांचा एकच. म्हणजे कोणती सोंगटी कोणाची, हें सांगण्याचा सगळा भार एकट्या रंगावर. तर्कशास्त्राशीं परिचय असलेल्या वाचकांस ठाऊकच आहे कीं, लक्षण आपल्या वर्गांत सर्वत्र आढळावें आणि वर्गाबाहेर कोठेंहि आढळूं नये. तें बाहेर पसरलें कीं अतिव्याप्तीचा दोष आला. ज्याच्या डोळ्यांस लाल व हिरवा हे रंग वेगळे दिसतच नाहींत, त्याच्यापुरतें लाल सोंगटीचें लक्षण हिरवीवरहि जाऊन बसतें. अशीं माणसें थोडीं नाहींत. युरोपीय वंशाच्या पुरुषांत शंभरांत सुमारें आठ, आणि स्त्रियांत दोनशांत एकादी. हा दोष बहुधा आईकडून मुलाकडे येतो, आणि ज्याला तो असतो त्याला त्याची वार्ताहि नसते. जग सर्वांना असेंच दिसत असेल, अशी त्याची समजूत असते.

आमच्या घरांतील एक नातू नऊ वर्षांचा आहे. सारीपाटांत तो वरचेवर दुसऱ्याची सोंगटी चालवी. चुलत भावंडें त्याला 'खोटारडा' म्हणूं लागलीं. त्याच्या काकूंनीं तर एकदां सर्वांदेखत त्याला पटावरून उठविलें. पोर रडलें नाहीं, पण पुढें पट मांडला कीं पुस्तक घेऊन जिन्यांत जाऊन बसे. वर्षभरानें नेत्रवैद्यांनीं त्याच्यापुढें रंगीत ठिपक्यांचें पुस्तक ठेवलें. जपानांतील शिनोबु इशिहारा यांनीं १९१७ सालीं ही परीक्षा प्रसिद्ध केली. ठिपक्यांत दडलेले आंकडे त्याला दिसेनात, तेव्हां उलगडा झाला. आपल्या वडिलांनाहि पिकला टोमॅटो आणि कच्चा टोमॅटो निवडतां येत नसे, हें त्याच्या आईला त्याच दिवशीं आठवलें.

बुद्धिबळांत ही अडचण येत नाहीं. तेथें पक्ष दोनच, आणि त्यांतील भेद उजेड-अंधाराचा; तो रंगांध मनुष्यासहि दिसतो. शिवाय राजा, वजीर, घोडा यांचे घाट निराळे. १८४९ सालीं लंडनमध्यें स्टॉंटनच्या नांवानें जीं मोहरीं विक्रीस आलीं तीं जगभर रूढ झालीं, याचें एक कारण तीं दुरून आकृतीवरून ओळखूं येतात हेंच होय. अंध खेळाडूंच्या पटावर तर काळीं घरें उंचावलेलीं, मोहऱ्यांना भोंकांत बसणाऱ्या खुंट्या, आणि एका पक्षाच्या मोहऱ्यांच्या डोक्यावर बोटास लागणारी खूण असते.

आणि दूर कशाला जावें? सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा घ्या. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकीं बारा पानें, मिळून एकशें वीस वाटोळीं पानें. येथें 'रंग' हा शब्द केवळ परंपरेचा. खरी ओळख चिन्हाची. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवें, परशुरामाच्या पानांवर परशु. राजा व प्रधान चित्रांवरून कळतात. भूमीचा रंग विटला तरी मासा मासाच राहतो. १९७० नंतरच्या दशकांत शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी भोसले यांनीं राजवाड्यांत ही कला पुन्हां जागी केली नसती, तर आज तीं पानें संग्रहालयांतच पाहावीं लागतीं.

हाच धडा घेऊन आम्हीं घरच्या सोंगट्या केल्या. रंग ठेवले, कारण इतर मुलांना ते हवे असतात. पण लाल वाटोळी, हिरवी चौकोनी, पिवळी त्रिकोणी आणि काळी फुलीच्या आकाराची कातरली. आमच्या वडील भगिनी, आक्का, यांची दृष्टि कांचबिंदूनें मंदावली आहे. त्या आतां बोटांनीं चांचपून आपली सोंगटी ओळखतात.

एकाच पक्षाच्या चार सोंगट्यांत भेद दाखवावयाचा असेल तर प्रथम आंकडे सुचतात. पण सोंगटी फिरते. उलटा ३ घाईंत ६ सारखा भासतो, आणि बारीक छपाईंत १ व ९ यांची गल्लत होते. अक्षरांना शिरोरेषा असते. वरची बाजू कोणती हें ती आपोआप सांगते. म्हणून आम्ही अक्षरांच्या बाजूचे. मात्र घ-ध, भ-म, प-ष, व-ब अशा जोड्या एका संचांत नकोत. क, ग, ल, ट हीं चांगलीं. अक्षर अर्धा इंच उंच, जाड, आणि पांढऱ्यावर काळें असावें. पिवळ्या कागदावर पांढरें अक्षर छापणाऱ्यास काय म्हणावें!

छापील पत्रा कातरण्यापूर्वीं एक परीक्षा अवश्य करावी. तो झेरॉक्सच्या दुकानांत नेऊन काळी प्रत काढवावी. यंत्र लाल व हिरव्याची सारखीच करडी छटा करून देतें. त्या करड्या प्रतीवरूनहि चारी पक्ष ओळखूं आले तर आपला संच उतरला. रुपया-दोन रुपयांत इतका निःपक्षपाती परीक्षक दुसरा मिळणार नाहीं.

डकविण्यास चिंचोक्याची खळ उत्तम. पुठ्ठ्याच्या मागेंहि कोरा कागद लावावा, नाहीं तर वाळतांना तो वांकतो. आणि रात्रभर पाट्याखालीं दाबून ठेवावा. वरून चकचकीत प्लॅस्टिक चढविण्याचा मोह टाळावा, कारण दिव्याखालीं तें चमकतें आणि म्हाताऱ्या डोळ्यांना खालचें अक्षर दिसत नाहीं. सोंगटी पटाच्या घराहून थोडी लहान असावी. चारांच्या जागीं पांच छापाव्या. एक कपाटाखालीं जातेच.