कांद्याच्या पापुद्र्यातील हरितलवके

इतिहासाच्या शिक्षकाने जीवशास्त्राच्या परीक्षेविषयी मत मांडावे, हे विज्ञान विभागातील माझ्या सहकाऱ्यांना काहीसे अस्थानी वाटेल. परंतु एखादी गोष्ट खरोखर कोणी पाहिली, कोठे पाहिली आणि पाहिल्याचा पुरावा काय, हे विचारणे हा इतिहासाचा नित्याचा उद्योग आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांत जीवशास्त्राची जी परीक्षा घेतली जाते, तिच्यात नेमका हाच प्रश्न विचारला जात नाही.

कांद्याच्या पापुद्र्याचे सूक्ष्मदर्शकाखाली निरीक्षण करून आकृती काढणे, हा या वर्गांतील सर्वपरिचित प्रयोग. प्रयोगवह्यांचा कोणताही गठ्ठा उघडून पाहावा. त्यांतील कितीतरी आकृत्यांत पेशीच्या आत हिरव्या पेन्सिलीने रंगवलेली हरितलवके आणि शेजारी सुबक तंतुकणिका दिसतात. वास्तविक कांद्याच्या आतल्या पाकळ्यांपर्यंत प्रकाश पोहोचत नाही आणि त्यांच्या पापुद्र्यात हरितलवके नसतात. तंतुकणिका तर शाळेतील साध्या सूक्ष्मदर्शकातून अशा काचपट्टीवर ओळखू येणे शक्यच नाही. दिसतात त्या विटांच्या भिंतीसारख्या, एकीला एक लागून बसलेल्या लांबट चौकटी, आयोडीनने पिवळसर झालेल्या. प्रत्येकीत एक गडद ठिपका, तो केंद्रक. कव्हरस्लिप घाईने टाकली असेल तर जाड काळ्या कडांची वर्तुळेही दिसतात, ते हवेचे बुडबुडे. विद्यार्थ्याने मात्र पाठ्यपुस्तकातील आदर्श वनस्पतिपेशीची आकृती उतरवलेली असते आणि तिला दहापैकी नऊ गुण मिळतात. ज्या मुलीने डोळ्यांना दिसल्या तेवढ्याच चौकटी आणि दोन बुडबुडे काढले, तिच्या वहीवर ‘आकृती अपूर्ण’ असा लाल शेरा पडतो.

या नऊ गुणांत फार मोठे नुकसान दडलेले आहे. न पाहिलेले पाहिले म्हणून लिहावे, त्याला प्रतिष्ठा मिळते, हे बारा वर्षांचे मूल त्या दिवशी शिकते. सकाळच्या वंदनेत पंचशील ग्रहण करताना ज्या चौथ्या शीलाने आपण असत्य भाषणापासून दूर राहण्याचा संकल्प करतो, त्या शीलाचा भंग पहिल्या तासाला प्रयोगवहीत होतो, तोही शिक्षकाच्या सहीनिशी. केसमुत्ती गावच्या कालामांना तथागतांनी जो उपदेश केला, त्याचा आशय आपण धम्मपरिषदांतून मोठ्या अभिमानाने सांगतो: परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून काही स्वीकारू नका. मग ग्रंथातील आकृती उतरवणाऱ्याला गुण आणि स्वतः पाहणाऱ्याला शेरा, ही रीत आपल्या शाळेत कोणत्या न्यायाने चालते?

युरोपात रॉबर्ट हूकने १६६५ साली बुचाच्या पातळ कापातील रिकाम्या कप्प्यांना ‘सेल’ हा शब्द वापरला. त्यानंतर डेल्फ्ट गावच्या लेवेनहूक नावाच्या कापड व्यापाऱ्याने स्वतः घासलेल्या भिंगांतून पाण्याच्या थेंबातील सूक्ष्म जीव पाहिले. हा मनुष्य विद्यापीठात गेला नव्हता, त्याला लॅटिन येत नव्हते. तो लंडनच्या रॉयल सोसायटीला आपल्या डच बोलीत पत्रे लिही. त्याचे १६७६ चे पत्र वाचून विद्वानांना शंका आली. परंतु त्यांनी त्याची पदवी विचारली नाही. १६७७ मध्ये हूकने तेच निरीक्षण करून पाहिले आणि ते खरे ठरले. मला हा प्रसंग विज्ञानाच्या इतिहासातील सर्वांत सुंदर प्रात्यक्षिक परीक्षा वाटतो.

आपल्या देशात याच्या उलट घडले. शवाचे अवयव प्रत्यक्ष पाहण्याची रीत सुश्रुतसंहितेत सांगितली आहे. पुढे स्पर्शाच्या विटाळाने ती लोपली. १८३६ साली कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात मधुसूदन गुप्त यांनी शवविच्छेदन केले, ही क्रांतिकारक घटना ठरावी, यातच सर्व आले. मधल्या शतकांत मेलेल्या जनावराच्या शरीराची आतली रचना हाताने जाणणारा माणूस या देशात होताच. तो गावकुसाबाहेर राहत होता आणि त्याला अज्ञानी ठरवले गेले होते. ते काम आपल्या समाजाने बाबासाहेबांच्या सांगण्यावरून टाकून दिले आणि ते टाकायलाच हवे होते; त्याचे उदात्तीकरण मला मुळीच करायचे नाही. परंतु हाताने जाणणारा हलका आणि तोंडाने सांगणारा थोर, ही जी उतरंड त्या व्यवस्थेने रचली, ती आपल्या प्रश्नपत्रिकेत आजही शाबूत आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी आपल्या माणसांनी ओंजळीत घेतले. त्यानंतर ते ‘शुद्ध’ करण्यासाठी शेण, गोमूत्र, दूध आणि दही यांच्या १०८ घागरी त्यात ओतण्यात आल्या. त्या शुद्धीपूर्वीच्या आणि शुद्धीनंतरच्या पाण्याचा एकेक थेंब भिंगाखाली धरून पाहावा, असे त्या शास्त्रीपंडितांपैकी कोणाला वाटले नाही. पाहण्याची गरज नसणे हेच त्यांचे शास्त्र होते.

तेव्हा परीक्षा कशी असावी? माझे म्हणणे साधे आहे. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या साधनांत ‘प्रात्यक्षिक’ हे एक साधन कागदोपत्री आहेच. ते कागदावरून हातात यावे. आज पाच मुलांचा गट असतो. एक मुलगा उपकरण हाताळतो, दोघे पाहतात, मागच्या दोघी लिहून घेतात. (लिहून घेणाऱ्या बहुधा मुलीच असतात, हे मुद्दाम नोंदवतो.) त्याऐवजी प्रत्येकाच्या हाती एक काचपट्टी, सुई, आयोडीनची बाटली आणि कांद्याची एक फोड द्यावी. पापुद्रा सुरकुतू न देता पसरता येतो का, कव्हरस्लिप तिरकी टेकवून हलकेच सोडता येते का, आधी कमी क्षमतेच्या भिंगाखाली पाहून मग मोठे भिंग फिरवले जाते का, एवढे परीक्षकाने पाहावे. मग आकृती मागावी आणि विचारावे, ‘यातले बुडबुडे कोणते?’ जिला हे सांगता आले, तिला पेशी कळली. हरितलवके काढणाऱ्याचे गुण कापू नयेत. त्याला फक्त पुन्हा सूक्ष्मदर्शकापाशी पाठवून म्हणावे, ‘मला दाखव.’

संकल्पनांचे प्रश्नही असेच विचारता येतात. पानातील पिष्टाच्या परीक्षेची कृती लिहायला सांगण्याऐवजी, हरितद्रव्य काढताना स्पिरिटची परीक्षानळी थेट ज्योतीवर न धरता गरम पाण्यात का ठेवतात, हे विचारावे. निवासी शाळेला तर एक सवलत आहे, जी दिवसाच्या शाळेला नाही: मूल येथे सकाळीही असते आणि रात्रीही. पाण्याच्या पेल्यात पट्टीला तीन हरभरे बांधायचे, एक पूर्ण पाण्याबाहेर, एक अर्धा बुडालेला, एक तळाशी बुडालेला. आणि आठ दिवस वसतिगृहाच्या खिडकीत ठेवून रोज दोन वेळा नोंद करायची. ती नोंदवही हीच उत्तरपत्रिका. तळाचा हरभरा पाणी भरपूर मिळूनही मागे का पडला, हे ज्याला हवेशी जोडता आले, त्याला अंकुरणाची व्याख्या विचारण्याची गरज उरत नाही.

पालकांचा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो क्षुल्लक नाही. शिष्यवृत्ती परीक्षेत आणि पुढे ‘नीट’मध्ये चारांपैकी एक पर्याय निवडायचा असतो, तेथे काचपट्टी कोणी पाहत नाही. पोटाला चिमटा घेऊन ज्यांनी मुलांना येथे ठेवले, त्यांनी गुणांचा हिशेब करणे रास्तच आहे. मी एवढेच म्हणेन की पर्याय निवडण्याचा सराव नववीनंतरही करता येतो. पाहण्याची सवय मात्र याच वयात लागते. आणि जीवशास्त्र हा विषय आपल्या घरांत केवळ गुणांपुरता नाही.

विदर्भातील आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगावे लागू नये. अनेक घरांत सांधे दुखून विव्हळणारे मूल असते. कोणी त्याला आळशी म्हणतात, कोणी अंगारा लावतात. रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, ही गोष्ट शिकागोच्या डॉ. हेरिक यांनी १९१० साली एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या रक्ताविषयी लिहिली, तीही सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच. आपल्या आठवीच्या विद्यार्थ्यांना तयार काचपट्टीवर निरोगी आणि विळ्याच्या आकाराची पेशी ओळखता आली पाहिजे. त्याहून महत्त्वाची परीक्षा दोन नाण्यांची आहे. एक नाणे आईचे, एक वडिलांचे, दोघेही वाहक. छाप म्हणजे निरोगी जनुक, काटा म्हणजे सिकलसेलचे. चाळीस वेळा उडवून नोंद करा. दोन्ही काटे दहाच्या आसपास येतील, कधी सात, कधी तेरा. आता प्रश्न: पहिले मूल रुग्ण जन्मले, तर पुढची तीन निरोगीच होतील का? ‘चारांत एक’ हे वाक्य पाठ असणारी मुले येथे ‘होय’ म्हणतात. ज्याने स्वतः नाणी उडवली, तो लागोपाठ दोनदा दोन काटे पडलेले पाहून आलेला असतो. हा फरक उद्या त्याच्या किंवा त्याच्या बहिणीच्या लग्नाआधी रक्त तपासायचे की नाही, येथपर्यंत पोहोचतो. मात्र वर्गात कोणाचाही स्वतःचा तपासणी अहवाल विचारला जाऊ नये. ती मर्यादा परीक्षकाने कटाक्षाने पाळावी.

खर्चाची अडचण सांगितली जाते, ती मला अर्धीच पटते. सूक्ष्मदर्शक महाग आहेत, पण एका वर्गाला चार पुरतात, मुले पाळीपाळीने येतील. खरी टंचाई परीक्षकांची आहे. साठ मुलांचे हात एक शिक्षक एका तासात पाहू शकत नाही. आपले माजी विद्यार्थी आज प्राथमिक आरोग्य केंद्रांत, रक्तपेढ्यांत, महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत तंत्रज्ञ म्हणून काम करीत आहेत. काचपट्टी कशी धरावी, हे त्यांच्याइतके आपल्यापैकी कोणालाच कळत नाही. वर्षातून दोन दिवस त्यांनी परीक्षक म्हणून यावे, अशी माझी विनंती आहे. पहिल्या सत्राची परीक्षा दिवाळीच्या सुट्टीपूर्वी असते. कांदे भोजनगृहातून मिळतील.