वैनगंगेकाठचं रहस्य कोण लिहिणार?

१९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना एका मित्राने एक गोष्ट सांगितली. ऐकून ते हादरून गेले. ती भीती त्यांच्या डोक्यातून पुढे कधी गेलीच नाही, आणि १२ ऑक्टोबर २०१८ रोजी ती ‘तुंबाड’ होऊन पडद्यावर आली. गोष्ट नारायण धारपांची होती, ‘आजी’. धारपांनी ती स्टीफन किंगच्या ‘ग्रॅमा’ या कथेवरून बेतली होती, आणि सिनेमाला नाव मिळालं श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून. परदेशातली एक म्हातारी मराठीत ‘आजी’ झाली, विदर्भातल्या रानात रात्री कुणाच्या तरी तोंडून जिवंत झाली आणि कोकणातल्या गावाचं नाव लावून जगभर फिरली.

गोंदिया जिल्हा १९९९ मध्ये वेगळा झाला. त्याआधी नागझिरा भंडारा जिल्ह्यातच होतं. म्हणजे अलीकडच्या काळातल्या सर्वांत गाजलेल्या मराठी भयकथेच्या प्रवासात भंडाऱ्याच्या वाट्याला फक्त ऐकण्याची जागा आली. कथा घडली दुसरीकडेच.

वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाच्या भिंतीवर उभं राहून मराठी रहस्यकथांचा विचार केला की हीच गोष्ट डाचते.

गेल्या काही आठवड्यांत या स्तंभासाठी रहस्य, भय आणि विज्ञान या तीन खणांतली पुस्तकं पुन्हा खाली काढली गेली. वाचली ती समीक्षेसाठी नव्हे, तर रात्री जेवणं झाल्यावर उशाला घेऊन, सर्वसाधारण वाचक वाचतो तशी. मोजमाप एकच ठेवलं: दिवा मालवल्यावर पुस्तकातली जागा डोळ्यांसमोर राहते का?

सुरुवात अर्थातच बाबूराव अर्णाळकरांपासून. हजारावर रहस्यकथा लिहिणारा हा माणूस, गिनेस बुकात नोंद झालेला. झुंजार, काळा पहाड, धनंजय-छोटू ही नावं आजोबांच्या पिढीला घरच्या माणसांसारखी होती. आज ती पुस्तकं उघडली की पहिल्यांदा जाणवतो तो वेग. दार वाजतं, माणूस आत येतो, दोन पानांत प्रेत पडतं. निसर्गवर्णनाला उसंत नाही, पण मुंबईचे रस्ते, दिवाणखाने, बंदर हे सगळं ओळखीचं वाटतं. खटकतं ते वेगळंच. गुन्हेगार कोण हे वाचकाला ताडता येईल अशी सामग्री पुष्कळदा हाती दिलेलीच नसते. नायकाला ती ठाऊक असते आणि शेवटच्या प्रकरणात तो ती खिशातून काढून दाखवतो. वाचकाला खेळात घेतलेलं नसतं. तरीही मराठी माणसाला पुस्तक हातात धरून जागायची सवय लावण्यात अर्णाळकरांचा वाटा फार मोठा आहे, आणि तो अजूनही नीट मान्य झालेला नाही. गोव्याचे गुरुनाथ नाईक आणि पुण्याचे सुहास शिरवळकर याच वाटेने पुढे आले.

शिरवळकरांची ‘समांतर’ २०२० मध्ये वेब मालिका होऊन आली आणि कादंबरीला पुन्हा मागणी आली. कल्पना जबरदस्त आहे: एका माणसाचा भूतकाळ हाच दुसऱ्याचा भविष्यकाळ. संवाद इतके धावते की पान कधी उलटलं कळत नाही. फिरोज इराणी, दारा बुलंद, मंदार पटवर्धन, बॅरिस्टर अमर विश्वास हे त्यांचे नायकही बोलण्यातूनच उभे राहतात. मात्र पुस्तक मिटल्यावर माणसं आठवतात, गाव आठवत नाही. तीच गोष्ट दुसऱ्या कुठल्याही शहरात घडली असती तरी फारसं बिघडलं नसतं.

धारपांचं तसं नाही. त्यांची ‘लुचाई’ किंगच्या ‘सेलम्स लॉट’वरून घेतलेली, ‘शपथ’ही किंगच्याच ‘इट’वरून. उसनवारी झाकण्याचं कारण नाही, पण तेवढ्यावर पुस्तक बाजूला ठेवणारा वाचक मोठ्या आनंदाला मुकतो. ‘लुचाई’ हे गावाचंच नाव, आणि भीती त्या गावातूनच उगवते. जिथे सगळे सगळ्यांना ओळखतात, कुणाच्या घरात काय शिजलं हे शेजारी सांगू शकतो, अशा ठिकाणी एक एक घर मिटत जातं. ही भीती मराठी वाचकाला परकी वाटत नाही, कारण तिला गावकीची हाडं आहेत. धारपांचे ‘समर्थ’ तर पूर्णपणे इथले. अघोरी शक्तीसमोर घाबरलेल्या माणसाच्या पाठीवर हात ठेवणारा जाणता पुरुष ही आपल्या संतपरंपरेतून आलेली आकृती आहे. या स्तंभाच्या मते धारप सर्वांत ताकदीचे होतात ते नेमके इथे, उसनं बी आपल्या मातीत रुजतं तेव्हा.

हृषीकेश गुप्ते यांनी हीच वाट पुढे नेली. ‘अंधारवारी’ आणि ‘हाकामारी’ वाचताना भीती बाहेरून आणून चिकटवल्यासारखी वाटत नाही. रात्री दारात येऊन हाक मारणारी बाई ही आपल्याकडच्या लोकांच्या तोंडी असलेली गोष्ट, आणि लेखकाने तिच्यापुरतंच न थांबता त्या गावातल्या माणसांच्या मनात डोकावून पाहिलंय. मराठी भयकथा आज धडधाकट आहे याचा हा पुरावा.

उरला विज्ञानाचा खण. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. त्यांची ‘वामन परत न आला’ आज वाचली तर यंत्र माणसाच्या हाताबाहेर जाण्याची त्यातली काळजी आजच्या बातम्यांशेजारी ठेवता येते. जमिनीत खोदताना एका लुप्त, पण आपल्याहून पुढारलेल्या संस्कृतीचा ठेवा सापडतो आणि तिथून कादंबरी सुरू होते. वर्णन कोरडं आहे, पात्रं कामापुरतीच बोलतात. पण प्रश्न इतका नेमका, की वाचक स्वतःच वाद घालू लागतो.

हे खोदकामाचं पान वाचताना पवनीची आठवण न येणं अवघड.

गोसीखुर्द ज्या तालुक्यात आहे त्या पवनीत १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी उत्खनन केलं, आणि जगन्नाथ टेकडीच्या पोटातून बौद्ध स्तूप बाहेर आला. गावाला जुन्या कोटाची भिंत आहे, नदीवर घाट आणि देवळं आहेत, विदर्भाची काशी म्हणून नाव आहे. महाक्षत्रप रुपिअम्म याचा शिलास्तंभ इथे सापडला. नदीच्या वरच्या अंगाला अंभोरा. मराठीतला आद्य ग्रंथ म्हणून ज्याचं नाव घेतात तो मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ अंभोऱ्यातच लिहिला गेला असं इकडची परंपरा मानते. ज्या नदीकाठाने मराठी लिखाणाची सुरुवात पाहिली असं सांगतात, त्या काठावर घडणारी रहस्यकादंबरी वाचनालयाच्या कपाटात शोधायला जावं तर सहजी हाताला लागत नाही. मारुती चितमपल्लींनी हे रान शब्दांत आणलं, व्यंकटेश माडगूळकरांनी ‘नागझिरा’ लिहिलं. ते निसर्गलेखन थोरच आहे. पण या रानात गुन्हा घडला, कुणी माग काढला, अशी गोष्ट?

गोष्ट तर खरीच घडून गेली आहे. ‘शोले’मधल्या नावावरून ‘जय’ म्हणून ओळखला जाणारा नागझिऱ्याचा वाघ २०१३ मध्ये गावं, शेतं, रस्ते ओलांडत उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात आला. देशातल्या सर्वांत मोठ्या वाघांपैकी एक म्हणून त्याची ख्याती झाली, त्याला बघायला लोक लांबून येऊ लागले. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती. १८ एप्रिल २०१६ रोजी तिचा शेवटचा संकेत मिळाला आणि त्यानंतर जय कुणालाच दिसला नाही. शोध झाला, तर्क झाले, ठोस उत्तर आलं नाही. शेवटचा संकेत, नंतरची शांतता, मधल्या शेतांतल्या तारा, रात्री कुणी काय पाहिलं याबद्दल गप्प बसलेली माणसं: रहस्यकादंबरीला यापेक्षा जास्त काय लागतं? आणि नायक म्हणून कुणी बॅरिस्टर नको. पायी गस्त घालणारा, पगमार्क वाचता येणारा वनरक्षक पुरे.

धरणाचंही तसंच. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते पायाभरणी झाली तेव्हा खर्चाचा अंदाज ३७२ कोटींचा होता. पुढे तो १८ हजार कोटींच्याही पलीकडे गेला. भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतली ऐंशीहून अधिक गावं बुडिताखाली आली. कुणाची बांधी गेली, कुणाचं घर, कुणाचा गावदेव. या दुःखावर करमणुकीची कादंबरी लिहावी का, असा प्रश्न कुणी विचारला तर तो रास्तच आहे. मात्र चांगली रहस्यकथा काय करते ते पाहावं. ती कागद तपासते. सातबारा कुणाच्या नावावर होता, मोबदला कुणी उचलला, अंगठा कुणाचा, सही कुणाची, तारीख आधीची की नंतरची. अहवालात जे आकडे होऊन बसतं ते ती एका माणसापर्यंत नेऊन पोचवते आणि वाचकाला विचारायला लावते, हे कुणी केलं? बुडालेल्या गावांना हा प्रश्न अजून कादंबरीच्या पानावर विचारला जायचा आहे.

आणि कोड्याची सामग्री तर इथे हाताशीच आहे. गोसीखुर्दला ३३ दरवाजे. पावसाळ्यात रोजची बातमी असते, इतके दरवाजे अर्ध्या मीटरने उघडले, इतक्या क्युमेकने विसर्ग सुरू, काठच्या गावांनी सावध राहावं. दरवाजा किती वाजता उचलला याची नोंद होते. पवनी धरणाच्या खालच्या अंगाला आहे. पाणी तिथल्या घाटाची कुठली पायरी किती वाजता चढतं हे डोंगा हाकणारा ढिवर डोळे मिटून सांगेल. आता समजा, पहाटे घाटावर एक प्रेत लागलं. इंग्रजी रहस्यकथांत आगगाडीच्या वेळापत्रकावरून गुन्हेगार पकडतात. इथे दरवाजांच्या नोंदवहीवरून पकडता येईल: त्या प्रवाहात ते शरीर धरणापासून वाहत आलंच नसेल, तर पाण्यात पडलं कुठे?

भाषासुद्धा पुरावा होऊ शकते. हा मुलूख झाडीपट्टीचा. झाडीबोलीत ‘ण’ आणि ‘ळ’ सहसा नाहीत, ‘पाणी’ इथे ‘पानी’ होतं. आपण इथलेच असं सांगणारा माणूस घाबरल्यावर एकदाच ‘पाणी’ म्हणून जातो आणि चहाच्या टपरीवरची म्हातारी ते बरोबर टिपते. असा धागा लिहायला भाषा कानात असावी लागते. ‘हाकामारी’ वाचून झोप उडते ती लेखकाला आपला मुलूख कानाने ठाऊक आहे म्हणून, आणि ‘समांतर’ गावाविना उरते ती तसा कान तिने लावलेला नाही म्हणून.

वाचक नाही असं कुणी म्हणू नये. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, आणि झाडीपट्टीची नाटकं रात्री सुरू होऊन उजाडेपर्यंत चालतात. थंडीत घोंगडी पांघरून बायाबापड्या, पोरंसोरं पहाटेपर्यंत जागची हलत नाहीत. पुढे काय झालं हे कळल्याशिवाय न उठणारा हा प्रेक्षक रहस्यकथेचाच वाचक आहे. त्याच्या हातात पुस्तक पडलेलं नाही, एवढंच. गावच्या वाचनालयांनी यंदाच्या अनुदानातल्या खरेदीत ‘लुचाई’, ‘वामन परत न आला’, ‘हाकामारी’ ही तीन पुस्तकं तरी घ्यावीत, आणि ती काचेच्या कपाटात कुलपाखाली न ठेवता टेबलावर ठेवावीत.

लिहिणाऱ्यांना व्यासपीठही तयार आहे. ‘धनंजय’ हा दिवाळी अंक सहा दशकांहून अधिक काळ रहस्य, भय आणि विज्ञान कथांसाठीच निघतो. अनंत अंतरकरांनी सुरू केलेल्या ‘नवल’नेही अशा कथांना घर दिलं. पवनी, लाखांदूर, साकोलीकडच्या तरुणांनी या अंकांना कथा पाठवाव्यात आणि त्यांत मुंबईचा इन्स्पेक्टर आणू नये. पहिलं दृश्य तर दर पावसाळ्यात समोर येतं: ऑगस्टची रात्र, सावधानतेचा इशारा होऊन गेलाय, दरवाजे उचलले जातायत, आणि नदीकाठच्या एका घरातला माणूस अजून परतलेला नाही.