तीस पावलांचे अंतर

गेली चार वर्षे आमच्या घरी एक जर्मन शेफर्ड जातीचा कुत्रा नांदतो आहे. नाव वाघ्या. घरात त्याच्याइतका समंजस प्राणी नाही. शेजारची मुले अंगणात पांगली, की त्यांच्याभोवती फेऱ्या घालून तो त्यांना एकत्र आणतो. परंतु रस्त्यात दुसरा कुत्रा दिसला, की हेच शहाणे जनावर डोळे रोखते, ताठ होते आणि साखळीला हिसडे देत भुंकण्याचा कल्लोळ मांडते.

आणि आमच्या बेळगावात कुत्रे दिसणार नाहीत, असा रस्ता कोणता? गतवर्षी ज्येष्ठात टिळकवाडीत अशाच एका हिसड्याने आमच्या सौभाग्यवती पडल्या आणि त्यांच्या मनगटाचे हाड मोडले. चिरंजीव म्हणाले, "बाबा, आता त्याला कुणाला तरी देऊन टाका." आम्ही मात्र छडी काढली.

येथे एक कबुली दिली पाहिजे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत मुलांना मारण्यास मनाई केली. मुख्याध्यापक या नात्याने आम्ही ती पाळतो, सहकाऱ्यांनाही पाळावयास लावतो. घरातल्या मुक्या जिवाला मात्र ती लागू नाही, अशी पळवाट आम्ही नकळत काढली होती. छडीचा परिणाम एवढाच झाला, की वाघ्या आम्हालाही भिऊ लागला. साखळी उचलली की तो कोपरा गाठी.

सुगी उरकल्यावर एके दिवशी त्याला घेऊन आम्ही येळ्ळूरच्या शिवारात गेलो. तेथे खतासाठी मेंढरे बसवली होती. धनगराचा कुत्रा लांबूनच आमच्याकडे पाहू लागला. आम्ही सवयीने साखळी आवळली आणि वाघ्या उसळला. धनगर शांतपणे म्हणाला, "मास्तर, दोर ताणलासा की त्याला वाटतंय, समोर वैरीच हाय. जरा लांबनं न्या की."

त्या दोन वाक्यांनी आम्हाला विचारात पाडले. फॉन श्टेफानिट्झ या जर्मन लष्करी अधिकाऱ्याने १८९९ मध्ये ही जात नावारूपास आणली, ती मेंढपाळांच्याच कुत्र्यांतून. कुंपण नसलेल्या शेतांच्या कडेने दिवसभर धावून मेंढरांना उभ्या पिकात शिरू न देणे, हे त्यांचे काम. हालचाल टिपणे हा त्यांचा स्वभावच. त्यात प्रत्येक कुत्र्याच्या दर्शनाबरोबर गळ्याला आचका आणि पाठीवर छडी! पावलॉव्हच्या कुत्र्याने घंटेचा संबंध अन्नाशी जोडला. आमच्या कुत्र्याने परक्या कुत्र्याचा संबंध वेदनेशी जोडला. शिकवणारे आम्हीच.

मग उलटा धडा आरंभिला. प्रथम जनावरांच्या डॉक्टरांकडून त्याला कोठे दुखत नाही ना, याची खात्री करून घेतली. गळपट्ट्याऐवजी छातीवरचा पट्टा आणला. पहाटे व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत जाऊ लागलो. दुसरा कुत्रा दिसावा, पण वाघ्या शांत राहील, इतक्या अंतरावर थांबावयाचे आणि त्याने पाहताक्षणी उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्यावयाचा. आधी नव्हे, पाहिल्यावर. त्याने तुकडा नाकारला, तर आपण फार जवळ आलो, असे समजून मागे फिरावयाचे. गुरगुरला तरी दटावावयाचे नाही. गुरगुरणे ही त्याची पूर्वसूचना आहे, ती दडपली तर न सांगता चावण्याचे भय. तोंडाला जाळीचा मुसका बांधण्याची सवयही त्याला हळूहळू लावली; गर्दीत त्याचा उपयोग होतो. आणि दोन कुत्रे जुंपलेच, तर मध्ये हात घालावयाचा नाही, हे घरात सर्वांना बजावून ठेवले.

आरंभी शंभर पावले लागत. आज तीस पुरतात. तीसची वीस होतील की नाही, सांगता येत नाही. एखादे मोकाट कुत्रे अकस्मात वळणावर भेटले, तर आजही सारे मुसळ केरात जाते. तेव्हा आम्ही निमूटपणे घरी परततो.

परवा सौभाग्यवतींनी आपण होऊन साखळी हाती घेतली. पलीकडच्या कडेने एक कुत्रा गेला. वाघ्याने त्याच्याकडे पाहिले आणि मान वळवून त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी साखळी ढिली सोडली होती. आम्ही मागून पाहत होतो. आमचीच मूठ मात्र अजून आवळलेली होती.