विश्लेषण : पाचट कुट्टी यंत्र घेताय, पण ते तुमच्या ट्रॅक्टरला झेपेल का?

ऊस तुटून गेला की अहिल्यानगर जिल्ह्याच्या उत्तर भागात संध्याकाळी धुराचे लोट दिसू लागतात. राहाता, श्रीरामपूर, नेवासा, राहुरी, कोपरगाव या प्रवरा, मुळा आणि गोदावरीच्या पाण्यावर पिकणाऱ्या पट्ट्यात पाचट पेटवण्याची सवय अजून गेलेली नाही. त्यावर उपाय म्हणून ट्रॅक्टरच्या मागे जोडायचे पाचट कुट्टी यंत्र, म्हणजेच मल्चर, गावोगावी पोहोचले. अनेक ठिकाणी मात्र ते एक हंगाम चालून गोठ्यामागे उभे राहते. दोष बहुतेक वेळा यंत्राचा नसतो. निवड चुकलेली असते किंवा जोडणी. त्याबद्दल खरेदीच्या वेळी कोणी बोलत नाही.

पाचट जाळले तर नेमके काय जाते?

एकरी साधारण ३ ते ४ टन पाचट निघते. त्यात सुमारे अर्धा टक्का नत्र, ०.७ ते १ टक्का पालाश आणि ३२ ते ४० टक्के सेंद्रिय कर्ब असतो. ४ टन पाचटातले नत्र जवळपास २० किलो भरते, म्हणजे युरियाच्या एका गोणीइतके. काडी लावली की हे नत्र आणि कर्ब धुरातून निघून जातात, जमिनीवरचे जिवाणू भाजतात आणि ओल टिकवणारे आच्छादनही संपते. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यातल्या प्रत्येक आवर्तनाची वाट पाहावी लागते, तिथे हे नुकसान खताच्या गोणीपेक्षा मोठे आहे.

मग शेतकरी पाचट का जाळतात?

कारण त्यांच्या अडचणी खऱ्या आहेत. मजूर मिळत नाहीत. लांब पाचट सरीत पडले की पहिले पाणी पुढे सरकत नाही. उंदीर आणि सापांची भीती असते. खोडव्याची कामे खोळंबतात. नुसते ‘जाळू नका’ म्हणून हे प्रश्न सुटत नाहीत. बारीक कुट्टी झाली तर पाणी वाहते आणि पाचट लवकर कुजते. म्हणून यंत्र चांगले चालणे महत्त्वाचे. थंड देशांत शेतकरी हिवाळ्यात ट्रॅक्टरला बर्फ फेकणारे यंत्र जोडतात, तेव्हा ट्रॅक्टरची ताकद किती आणि थर किती जाड, हे आधी पाहतात. आपला थर पाचटाचा आहे, पण प्रश्न तेच आहेत.

ट्रॅक्टर ५० एचपीचा आहे, मग अडचण काय?

बॉनेटवर लिहिलेली ताकद इंजिनची असते. यंत्र फिरते पीटीओवर आणि तिथपर्यंत पोहोचताना ताकद घटते. ५० एचपीच्या ट्रॅक्टरला पीटीओवर ढोबळमानाने ४२ ते ४५ एचपी मिळते. यंत्राच्या माहितीपत्रकात किमान किती एचपी लागते ते पाहा आणि तो आकडा इंजिनचा की पीटीओचा, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारा. ताकद काठावर असेल तर एक फूट कमी रुंदीचे यंत्र घ्या. मोठे यंत्र ओढताना ट्रॅक्टर काळा धूर टाकू लागला, की डिझेल वाढते आणि कुट्टीही लांबट राहते.

दुसरी गोष्ट वजन. जड यंत्र उचलल्यावर ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग नीट लागत नाही. बांध किंवा चारी ओलांडताना हे जिवावर बेतू शकते. अशा वेळी पुढे वजने लावलीच पाहिजेत.

सरीचे अंतर का मोजायचे?

खोडवा ठेवायचा असेल तर चाके सरीतूनच गेली पाहिजेत. साडेचार फुटी सरीत दोन्ही चाकांच्या मध्यातले अंतरही तेवढेच हवे. मागच्या चाकांची रिम उलटसुलट बसवून हे अंतर कमी-जास्त करता येते. जुन्या तीन फुटी सरीत मोठा ट्रॅक्टर घातला तर चाक बुडख्यांवर चढते आणि फुटवे मार खातात. तिथे पाचट हाताने एका आड एका सरीत दाबणे हाच शहाणपणा.

खोडवा मोडायचा असेल तर प्रश्न वेगळा. तेव्हा आधी कुट्टी आणि मग पलटी नांगर हा क्रम सोयीचा. लांब पाचटात थेट रोटाव्हेटर घातला तर पाचट त्याच्या शाफ्टला गुंडाळते. शिवाय वर्षानुवर्षे फक्त रोटाव्हेटरच चालवला, तर त्याच्या पात्यांखाली जमिनीचा कडक थर तयार होतो.

जोडताना काय पाहायचे?

सपाट जागेवर आधी डावी लोअर लिंक जोडा, मग उजवी आणि शेवटी टॉप लिंक. उजवी बाजू वर-खाली करून यंत्र आडवे समपातळीत आणा. साइड चेन इतक्याच ताणा की यंत्र डोलणार नाही.

पीटीओ शाफ्टची लांबी सर्वांत जास्त चुकते. यंत्र वर-खाली करून पाहा. सर्वांत आखूड स्थितीत शाफ्टची टोके तळाला टेकता कामा नयेत. सर्वांत लांब स्थितीत दोन्ही नळ्या किमान एक तृतीयांश तरी एकमेकींत राहिल्या पाहिजेत. शाफ्ट लांब असेल तर तो कापावा लागतो. न कापता दामटले तर गिअरबॉक्स किंवा बेअरिंग जाते.

उंची मागच्या रोलरने किंवा बाजूच्या पट्ट्यांनी ठरते. हातोडे किंवा पाती जमिनीला लागू देऊ नका. माती आणि दगड लागले की धार जाते. एक पाते तुटले तर समोरासमोरची जोडी बदला, नाहीतर रोटर थरथरतो. पीटीओ ५४० फेऱ्यांवर चालवा. त्यासाठी इंजिन किती फेऱ्यांवर ठेवायचे, याची खूण मीटरवर असते. पीटीओच्या फेऱ्या कमी करू नका, गिअर हलका घ्या. कडेला वळताना पीटीओ बंद करा, मगच यंत्र उचला. तासाभराने थांबून बेल्टचा ताण आणि नट-बोल्ट तपासा.

सर्वांत मोठा धोका कोणता?

५४० फेऱ्या म्हणजे सेकंदाला ९ फेऱ्या. उपरण्याचे टोक, साडीचा पदर किंवा सैल बाही शाफ्टला लागली, तर हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. शाफ्टवरचे प्लास्टिकचे कव्हर अडचण म्हणून काढून टाकले जाते. ते काढू नका. पाचट अडकले तर इंजिन बंद करून, किल्ली खिशात घालूनच खाली उतरा. मल्चर दगडही फेकतो, म्हणून मागे आणि बाजूला कोणी, विशेषतः मुले, उभी राहता कामा नयेत.

विकत घ्यायचे की भाड्याने?

हिशेब सोपा आहे. व्याज, घसारा आणि दुरुस्ती यांची वर्षाची बेरीज करा आणि तिला आपल्या उसाच्या एकरांनी भागा. येणारा आकडा गावातल्या भाड्यापेक्षा जास्त असेल, तर यंत्र घेऊ नका. चार-पाच एकर ऊस असणाऱ्यासाठी हे यंत्र वर्षातून काही तासच चालते. अनुदान मिळतेय म्हणून घेतलेले यंत्रही उरलेल्या पैशाचे कर्ज मागे ठेवते.

मग करायला काय हवे?

यांत्रिकीकरणाच्या योजनेत लहान, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना साधारण ५० टक्के आणि इतरांना ४० टक्के अनुदान मिळते. अर्ज, कोटेशन, बिल, यंत्राचा फोटो, सगळे तपासले जाते. ते यंत्र त्या ट्रॅक्टरला आणि त्या सरीला जुळते का, हे तपासले जात नाही. अनुदानाचा पैसा सोडण्यापूर्वी विक्रेत्याने शेतकऱ्याच्याच रानात यंत्र जोडून, चालवून आणि चालकाला शिकवून दाखवावे, ही अट घालायला काय हरकत आहे?

दुसरी जबाबदारी साखर कारखान्यांची. सहकारी साखर कारखानदारीचा पाया याच जिल्ह्यात, प्रवरानगरला घातला गेला. कोणाच्या रानात तोड कधी होणार, हे कारखान्याइतके कोणालाच ठाऊक नसते. तोडणीच्या कार्यक्रमालाच जोडून, प्रशिक्षित चालकासह कुट्टी यंत्रे भाड्याने दिली, तर लहान शेतकऱ्याला ना कर्ज काढावे लागेल, ना काडी ओढावी लागेल. राहुरीचे कृषी विद्यापीठही हाकेच्या अंतरावर आहे. पाचट कुजवण्याच्या शिफारशी शेतकऱ्यापर्यंत पोहोचल्या. यंत्र कसे जुळवायचे, हे शिकवणारी शिबिरे आता गावात व्हायला हवीत.

तोवर खरेदीला जाण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर लिहून न्या : ट्रॅक्टरची पीटीओ एचपी, सरीचे अंतर आणि उसाचे एकर. विक्रेता या तिन्हींबद्दल न विचारताच यंत्र दाखवू लागला, तर सरळ दुसरे दुकान गाठा.