चित्र स्पष्ट, पण खरे?

रेल्वेचा रूळ असो, बॉयलरची नळी असो की पुलाच्या तुळईचा सांधा. पोलाद तुटण्याआधी अनेकदा आतूनच तडकलेले असते. हा तडा शोधण्याची रीत पोटाच्या सोनोग्राफीसारखीच आहे. कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी आत सोडायच्या आणि परतणारा प्रतिध्वनी टिपायचा. पूर्वी तपासनिसाला पडद्यावर नुसती वरखाली होणारी रेघ दिसे. आता थेट चित्र दिसते.

या चित्रामागे मोठी आकडेमोड असते. तपासणी-यंत्राच्या टोकाशी समजा ६४ घटक आहेत. प्रत्येकाने आळीपाळीने ध्वनी सोडायचा आणि सर्वांनी ऐकायचे. म्हणजे ४,०९६ नोंदी. पोलादात ध्वनी सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर धावतो. त्या वेगाने चित्रातील प्रत्येक ठिपक्यापर्यंत जाऊन परतायला किती वेळ लागेल हे संगणक काढतो आणि त्या त्या क्षणाचे प्रतिध्वनी बेरजेला घेतो. जिथे तडा आहे तिथे बेरीज फुगते. नसेल तिथे लहरी एकमेकींना पुसून टाकतात. ब्रिटनमधील ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ मध्ये ही पद्धत मांडली. २०२१ मध्ये तिची आंतरराष्ट्रीय मानकेही आली.

मात्र हे छायाचित्र नव्हे, हिशेब आहे. गृहीत धरलेला वेग चुकला तर तडा भलत्याच जागी दिसतो. स्टेनलेस स्टीलच्या काही प्रकारांत वेल्डिंगच्या जागी धातूचे कण मोठे असतात. तिथे ध्वनी वाकतो आणि विखुरतो. तड्याचे तोंड आडवळणी असेल तर प्रतिध्वनी यंत्राकडे परततच नाही. म्हणजे स्वच्छ चित्र हा निर्दोषपणाचा दाखला ठरत नाही.

दोष दिसला तरी काम संपत नाही. इंग्लंडमधील हॅटफिल्ड येथे १७ ऑक्टोबर २००० रोजी तडकलेला रूळ फुटून गाडी घसरली आणि चौघांचा जीव गेला. रूळ खराब असल्याचे आधीच ठाऊक होते, नवे रूळही उपलब्ध होते. बसवले तेवढे गेले नव्हते.

आपल्याकडेही रुळांची तपासणी अल्ट्रासाऊंडनेच होते. म्हणून नव्या यंत्रांच्या खरेदीबरोबर आणखी तीन गोष्टींचा आग्रह हवा: दोष मुद्दाम ठेवलेल्या नमुन्यांवर तपासनिसांची परीक्षा, मूळ नोंदींचे जतन आणि दोष सापडल्यावर दुरुस्तीची ठरलेली मुदत. यंत्र तडा दाखवील; गाडी थांबवण्याचा निर्णय माणसालाच घ्यावा लागेल.