ॲडजस्ट कोणी करायचं?

लोकलमध्ये 'जरा ॲडजस्ट करा' हे वाक्य उभा असलेला माणूस बसलेल्याला म्हणतो. इंजिनिअरिंग कॉलेजात उलटं चालतं. तिथे ऐसपैस बसलेले लोक उभ्या असलेल्याला सांगतात, 'पहिलं वर्ष जड जातंच रे, ॲडजस्ट कर.' सीनियर सांगतात, सर सांगतात, इन्स्टावरचे करिअर गुरू सांगतात. या मायाळू सल्ल्याआड कॉलेजं आपली जबाबदारी झटकतात, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे.

मी वेवजीचा. तलासरी तालुक्यातलं हे गाव महाराष्ट्राच्या अगदी काठावर आहे. शेजारचं सोलसुंबा गुजरातमध्ये, आणि उंबरगाव रोड स्टेशन, तेही गुजरातमध्येच. तालुक्यात साधारण दहातले नऊ जण आदिवासी. इथलं पोर घरात वारली बोलतं, शाळेत मराठी शिकतं, उंबरगावच्या बाजारात गुजरातीवर निभावून नेतं. अठराव्या वर्षापर्यंत त्याने तीन भाषांशी जुळवून घेतलेलं असतं, तेही कुणी हात न धरता. तेच पोर कॉलेजात आलं की शेरा मिळतो, 'याला ॲडजस्ट होता येत नाही.'

नेमकं काय होतं ते सांगतो. दहावीपर्यंत या पोराने त्वरण, संवेग, विभवांतर हे सगळं मराठीत शिकलेलं असतं. अकरावी-बारावी सायन्स इंग्रजीत असतं, पण पुस्तकापुरतं. वर्गात समजावून सांगणं मराठीतच चालतं. त्यामुळे इंग्रजी शब्द डोळ्यांच्या ओळखीचे असतात, कानांच्या नसतात. मग बेसिक इलेक्ट्रिकलच्या तासाला सर भराभर 'पोटेन्शियल डिफरन्स' म्हणत पुढे जातात, आणि हे आपलंच विभवांतर आहे हे लक्षात येईपर्यंत फळा पुसून झालेला असतो. पोराला विषय समजत होता. केटी मात्र विषयातच लागते.

लॅबमध्येही तेच. ज्याच्या घरी सातवीपासून कम्प्युटर आहे त्याच्यासाठी सी लँग्वेजचं पहिलं प्रॅक्टिकल म्हणजे खेळ. ज्याने माऊस पहिल्यांदा तिथेच धरला, त्याला दोन तासांत टायपिंग, फाईल सेव्ह करणं, कम्पायलरची बडबड आणि फॉर लूप, सगळं एकदम शिकायचं असतं. दोघांना मार्क मात्र एकाच पट्टीने.

आज मी पोटासाठी कोड लिहितो. आमच्या टीममध्ये नवा माणूस आला की पहिले काही आठवडे त्याच्याकडून फारशी अपेक्षा नसते. कुणीतरी सोबत बसतं, मशीन लावून देतं, त्याचा कोड दुसरा माणूस तपासतो, प्रश्न विचारला म्हणून कुणी हसत नाही. कंपनी काही धर्मादाय संस्था नाही. माणूस लवकर कामाला लागावा म्हणून हे करते. म्हणजे पगार देणारा नवख्याला वेळ देतो, आणि फी घेणारा म्हणतो, ॲडजस्ट कर.

आणि ॲडजस्ट होणं म्हणजे प्रत्यक्षात काय, तर जीटी. काचेखाली बल्ब लावायचा, वर दुसऱ्याचं ड्रॉइंग शीट, त्यावर आपलं कोरं शीट, आणि रात्रभर रेघा गिरवायच्या. सरांना ते कळतं. ते सही करतात. टर्मवर्कचे मार्क पडतात. शिकणं झालं नाही, शिकवणंही झालं नाही, पण सगळ्यांनी एकमेकांशी छान जुळवून घेतलं.

यावर ठरलेला आक्षेप येतो: दर्जा घसरेल, उद्या पूल कोसळतील. परीक्षा सोपी करा असं मी म्हणतच नाही. पुलांची एवढी काळजी असेल तर आधी जीटीवर सही करणं थांबवा. दुसरा आक्षेप, 'आम्हीही हे सोसलंच की.' सासूने सोसलं म्हणून सुनेने सोसायचं, हा घरातला न्याय आपण मोडीत काढायला निघालोय. कॉलेजात तो कशाला जपायचा?

किंमत केवढी आहे तेही बघा. कॅम्पसला येणाऱ्या अनेक कंपन्यांची अट असते: दहावी, बारावी, डिग्री, सगळीकडे साठ टक्के, आणि बॅकलॉग नको. पहिल्या वर्षी कानाला न कळलेला शब्द चौथ्या वर्षी दारातूनच परत पाठवतो. काही जण तिथवरही पोचत नाहीत. वर्ष गेलं की घरचे म्हणतात, बस झालं, उंबरगावची जीआयडीसी आहेच. हेल्परच्या कामाला एम-वन सुटलेलं लागत नाही.

उपाय कुणाला ठाऊक नाहीत असंही नाही. एआयसीटीईने २०१८च्या मॉडेल करिक्युलममध्ये पहिल्या वर्षासाठी तीन आठवड्यांचा इंडक्शन प्रोग्रॅम सांगितलाय. भाषेतला, कम्प्युटरमधला कच्चेपणा भरून काढायची तरतूद त्यात आहे. अनेक ठिकाणी त्याचं काय होतं? दीपप्रज्वलन, प्रेरणादायी व्याख्यान, ग्रुप फोटो. अमेरिकेतल्या एमआयटीत पहिल्या सेमिस्टरला ग्रेडच लागत नाही. पास झालात तर 'पास', नापास झालात तर बाहेर जाणाऱ्या ट्रान्स्क्रिप्टवर नोंद नाही. जगातली सगळ्यात हुशार म्हणवली जाणारी पोरंसुद्धा पहिल्यांदा अडखळतात, हे तिथे गृहीत धरलंय. त्यामुळे एमआयटीचा दर्जा घसरल्याचं ऐकिवात नाही.

२०२१पासून मराठीतून इंजिनिअरिंग शिकवायलाही परवानगी आहे. मला स्वतःला पूर्ण मराठी डिग्रीचा आग्रह नाही. पुढे कामाची कागदपत्रं इंग्रजीतच वाचावी लागतात. मागणं त्याहून लहान आहे. पहिल्या वर्षी फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी-शेजारी लिहा. कम्प्युटर लॅब संध्याकाळीही उघडी ठेवा. आणि पहिल्या वर्षाची केटी सुटली असेल तर प्लेसमेंटच्या फॉर्मवर ती विचारू नका. यातल्या कशालाही नवी इमारत लागत नाही.

जुळवून घ्या, हा सल्ला आमच्या तालुक्याला नवा नाही. सावकार-जमीनदारांच्या वेठबिगारीशी वारल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जुळवून घेतलं होतं. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावात हजारो वारली किसान सभेच्या झेंड्याखाली जमले आणि त्यांनी ठरवलं, दिवसाला बारा आणे रोख मजुरी मिळाल्याशिवाय मालकाच्या कामाला जायचं नाही. त्यांनी काम नाकारलं नव्हतं. फक्त कोणत्या अटीवर करायचं, यात आपलाही शब्द असेल एवढं सांगितलं होतं. शिकण्याबाबत आपण निदान एवढं तरी म्हणू शकतो.

तुम्ही यंदा पहिल्या वर्षाला असाल तर सुरुवात तासातच करा. हात वर करा आणि विचारा, 'सर, पोटेन्शियल डिफरन्सला मराठीत काय म्हणतात?' वर्ग हसेल, हसू द्या. मागच्या बाकावरचं कुणीतरी हसणार नाही, ते कान टवकारेल. आणि सरांना उत्तर आलं नाही, तर तुम्ही सांगा. तुम्हाला ते दहावीपासून येतं.